दोन सीटांची मोटार

पाटील कुठंही आले की आधी हाताची वीत काढायचे. टेबल असो, दाराची चौकट असो, कापसाची गाठ असो, अंगठा आणि करंगळी ताणून ते त्यावर विती टाकत जायचे, शेवटी उरलेली बोटं मोजायचे आणि मग निकाल द्यायचे. "मापात हाये." नाहीतर, "हुकलं मापात." एकदा आमच्या ऑफिसात नवा टाईपरायटर आला. सगळे त्याच्या कळा दाबून पाहत होते. पाटलांनी त्याच्यावर दोन विती टाकल्या, तो कशासाठी असतो हे विचारलंसुद्धा नाही, आणि म्हणाले, "बसते मापात." कशाच्या मापात, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. लग्नाच्या मांडवात शिरला की आधी खांब मोजणारा. आपण त्याला हसतो, आणि घरात कपाट घ्यायचं झालं की त्यालाच बोलावतो.

मी मूळचा अमरावतीचा. वडील तिथं शाळामास्तर. मला नोकरी लागली ती अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, कारकुनाची. कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडं रवाना करायच्या आणि त्यांचे कागद तयार करायचे, हे माझं काम. पाटील आमच्याकडं कापूस घालायला येत. पातूरच्या वाटेवर, डांबरी सडकेपासून दीड कोस आत त्यांचं गाव. जमीन काळीभोर, घर मोठं, आणि घरात लहानमोठी अठ्ठावीस माणसं. मी गाठींबरोबर दोन-तीनदा मुंबईला जाऊन आलेलो, म्हणून पाटलांच्या लेखी मी 'बोटीचा माणूस' होतो. बोटीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

छपन्न-सत्तावन्न साल असेल. एका सकाळी पाटील आले ते खिशात एक फोटो घेऊन. त्यांचा सख्खा भाचा अमेरिकेत शेतीचं शिकत होता, त्याला शिकायला यांनीच धाडलेला. त्यानं फोटो पाठवला होता. एका पांढऱ्या मोटारीला टेकून तो उभा. मोटार बुटकी, लांबोडकी, आतून लालभडक आणि वर छप्परच नाही. आता असल्या गाड्यांना लोक जुन्या काळचा नमुना म्हणून जपतात. तेव्हा अमेरिकेतसुद्धा ती नवलाचीच होती.

"बाबू, याच्यात मानसं किती बसतात?" पाटलांनी विचारलं. भाच्याची तब्येत कशी दिसते, हे त्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"दोनच सीटा दिसतात, पाटील."

"तिसरं?"

"तिसऱ्याला जागा नाही."

पाटलांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. "मंग लिहा," ते म्हणाले. "लिहा त्याले, येतानी हेच मोटार घेऊन ये."

पाटलांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं, त्यामुळं त्यांची पत्रं मी लिहायचो. पण लिहिण्याआधी मी नियम सांगितला. परदेशी मोटार मागवायला परवाना मिळणं महाकठीण होतं. मात्र बाहेर राहून कायमचा परत येणारा माणूस स्वतःची वापरलेली मोटार बोटीनं आणू शकत असे. ती त्याच्याच नावावर राहणार, लगेच विकता येणार नाही.

"विकाची कोनाले हाये?" पाटील म्हणाले.

"पण पाटील," मी म्हटलं, "घरी अठ्ठावीस माणसं आणि गाडी दोघांची? आणायचीच तर मोठी आणा. कोंबून बसले तर आठ जण बसतील."

पाटलांनी दाराकडं पाहिलं. कारखान्याचा फिटर बाहेर होता. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"आठ बसतीन म्हनूनच मोठी नाई पायजे," ते म्हणाले. "लग्नाले पंचवीस वर्सं झाले, बाबू. कुठं जाचं म्हनलं तं दमणी जुपाची. मी समोर कासरा धरून, अन् तुमची वयनी मांगं, चार पोट्टे अन् दोन बुढ्याईच्या मंधात. पंचवीस वर्सं तिनं माही पाठ पाह्यली. घरी दिवसा बोलता येत नाई, ओसरीत आई बसेल असते. मले एक डाव, फक्त एक डाव, दिवसाउजेडी तिले बाजूले बसवून न्याचं हाये. मंधात कोनी घुसू नये म्हनून सीटा दोनच पायजे. लिहा आता."

दमणी म्हणजे छप्पर असलेली हलकी बैलगाडी. ती मी जन्मभर पाहत आलो होतो, पण तिच्यात कोण कुणाची पाठ पाहतं याचा विचार मला कधी शिवला नव्हता. माझं नुकतंच लग्न झालेलं. अकोल्यात दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो आणि मी बायकोशेजारी बसून खुशाल वर्तमानपत्र वाचायचो. पन्नाशीला आलेला, शंभर माणसांना कामाला लावणारा हा गडी एवढीशी गोष्ट सातासमुद्रापलीकडून मागवत होता. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी लेखणी उचलली.

पत्राबरोबर पाटलांनी एक सुताची दोरी पाठवली. दोरीला दोन गाठी. गावात जायची वाट म्हणजे काळ्या मातीत पडलेल्या दोन चाकोऱ्या, हातभर खोल. बंडीची, म्हणजे मालाच्या बैलगाडीची चाकं ज्या मापाची, त्याच मापाची मोटारीची हवीत, नाहीतर एक चाक चाकोरीत आणि दुसरं बोरीच्या झुडपावर. म्हणून बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर दोरीनं मोजून ती दोरी विमानाच्या टपालानं अमेरिकेला गेली. तिकडं भाच्यानं ती रस्त्यात बसून मोटारीच्या चाकांना लावली असणार. येणारेजाणारे अमेरिकन काय म्हणाले, ते त्यानं कळवलं नाही. उत्तर आलं : पुढची चाकं बरोबर गाठीवर, मागची दोन बोटं जास्त.

"दोन बोटं चालते," पाटील म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आख्ख्या ऑफिसला चहा पाजला.

पुढच्या पत्रात भाच्यानं लिहिलं की मोटारीचं चाक डावीकडं आहे, म्हणजे चालवणारा डावीकडं बसणार. पाटील विचारात पडले. म्हणजे बायको उजवीकडं आली. हे बरं की वाईट? मी म्हटलं, काय फरक पडतो. पण पाटलांनी मला भटजींकडं नेलं. भटजी जेवायला बसलेले. पाटलांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "महाराज, पूजेले बसतानी बायको कोनत्या अंगाले?"

"उजव्या," भटजी घास गिळून म्हणाले. "काहून?"

"काई नाई. अमेरिकेवाले शास्त्र पाहून मोटारी बनवून राहिले, एवढंच," असं म्हणून पाटील वळले. भटजींचा घास तसाच हातात राहिला.

बोट लागली तेव्हा आम्ही दोघं मुंबईला गेलो. पाटील धोतर, काळा कोट आणि पांढरी टोपी अशा थाटात धक्क्यावर उभे. भाचा उतरला, पाया पडला. त्याच्या पाठीवर हात ठेवून पाटील त्याच्या खांद्यावरून बोटीकडंच पाहत होते. मग क्रेननं जाळ्यात बांधलेली ती पांढरी मोटार वर उचलली. ती हवेत गर्रकन फिरली तसे पाटील मोठ्यानं ओरडले, "आरामशीर रे बापा!" वरच्या क्रेनवाल्याला ते ऐकू गेलं असेल तर मी मिशी उतरवीन. गाडी खाली टेकली. लोक तिच्या दिव्यांना, चकाकत्या पट्ट्यांना हात लावत होते. पाटील सरळ आत वाकले आणि त्यांनी सीटा मोजल्या. एक. दोन. त्यांनी माझ्याकडं पाहून दोन बोटं वर केली. त्यांचे डोळे पाणावले होते.

कागदांना पाच दिवस लागले. सगळी धावपळ मी केली, सगळे शिक्के मी मारून आणले, आणि निघायच्या दिवशी पाटील नि भाचा मोटारीत बसून अकोल्याला निघाले. मी रेल्वेनं. तिसऱ्याला जागा नव्हतीच.

मोटार गावात न्यायच्या दिवशी सारं गाव सडकेवर लोटलं होतं. डफडं वाजत होतं. बायका औक्षणाची ताटं घेऊन उभ्या. त्यांच्यात सगळ्यात मागं पाटलीणबाई होत्या. मी त्यांना पहिल्यांदा तिथं पाहिलं, उंच, सडसडीत, पदर नाकापर्यंत. भाच्यानं आठ दिवस आमच्या कारखान्याच्या आवारात पाटलांना मोटार शिकवली होती, तेव्हा चालवायला स्वतः पाटील. सडक सोडून मोटार वाटेला लागली आणि सुरुवातीच्या उथळ चाकोऱ्यांत चारही चाकं अलगद उतरली. "मापात!" पाटलांनी आरोळी ठोकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पन्नास पावलं मोटार गेली असेल नसेल, पोटाखालून कर्रकर्र आवाज झाला आणि ती थांबली. दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा जो उंचवटा असतो, त्यावर ती अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी बसली होती. चाकं नुसती फिरत होती.

बंडीचं चाक जवळजवळ माणसाएवढं उंच. तिच्या पोटाला जमीन लागते का, हे उभ्या वऱ्हाडात कुणाला कधी मोजावं लागलं नव्हतं. पाटील उतरले. मोटारीच्या पोटाखाली बोट घालून पाहिलं, बोट जाईना. आता हा माणूस चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात बायकांच्या मागून खुदकन हसण्याचा आवाज आला. पाटलीणबाई होत्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पाटलांनी तिकडं पाहिलं आणि तेही हसू लागले. "लांबी पाह्यली, रुंदी पाह्यली," ते म्हणाले, "अन् उंची राह्यली लेकाची!"

या मोटारीचं अंग लोखंडाचं नव्हतं, काचेच्या धाग्यांपासून बनवलेलं होतं, म्हणून ती इतर मोटारींपेक्षा हलकी. वीस जणांनी तिला उचलून परत सडकेवर आणलं. तेव्हापासून ती राहिली अकोल्याला, आमच्या कारखान्याच्या आवारात टिनाच्या छपराखाली. ज्याला मोटारीत बसायचं, त्यानं गावाहून दमणीनं अकोल्याला यायचं, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी पाटलांनी मला घरी नेलं. मोटारीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आईले वाचून दाखवा. दोनच मानसं बसतात, ते."

आई ओसरीत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, अंगानं मूठभर, पण आवाज असा की गोठ्यातली जनावरं कान टवकारायची. मी आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. "या गाडीत फक्त दोघांनीच बसायचं, असं कंपनीनं लिहिलं आहे."

"छापेल हाये?" आईंनी विचारलं.

"हो, छापील आहे."

"मंग बराबर हाये," आई म्हणाल्या. "छापेल हाये तं मोडता येत नाई. दोघंच. तू अन् मी."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. दुसरं माणूस कोण, याबद्दल कंपनीनं काही लिहिलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गंमत पाहा. मोटारीला सीटा किती, त्या कोणत्या अंगाला, चाकांचं माप काय, सगळं या माणसानं सहा महिने आधी ठरवलं. पण घरात थोरांच्या आधी कुणी ताटावर बसत नाही, मग मोटारीत कसं बसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि माझ्याही नाही.

तर पहिला मान आईंचा. अकोल्याहून अमरावतीला, अंबादेवीच्या दर्शनाला. तिथं ते आमच्या घरी चहाला थांबले, तेव्हा मी सुट्टीवर घरीच होतो. वाऱ्यानं आईंचे पांढरे केस उभे राहिले होते आणि पदर दातात धरून धरून त्यांचा जबडा दुखत होता. तरी खूष होत्या. "मूर्तिजापूरले थांबवलं मी याले," त्या माझ्या आईला सांगत होत्या, "म्हनलं पानी पाज तिले. एवढी धावून राहिली बिचारी."

मग चुलतीचा नंबर. मग थोरली भावजय, विधवा, जिनं पाटलांना कडेवर खेळवलेलं. मग पातूरची बहीण, ती माहेरपणाला आली ती मोटारीसाठीच. मग तिच्या सासूबाई, कारण व्याह्यांचा मान. पाटलांचा पेरणीतला वेळ जाई, कापूस वेचायच्या दिवसांतला जाई, तरी महिन्या-दीड महिन्यात एक फेरी व्हायचीच. दर फेरीला पाटलीणबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा. एकदा तो डबा माझ्या टेबलावर राहिला. मी उघडून पाहिलं. दोघांना पुरेल एवढंच अन्न, नीट निवडलेला कांदा, मिठाची पुडी. मला त्या डब्याकडं बघवेना.

"पाटील, वहिनींचा नंबर कधी?" मी एकदा न राहवून विचारलं.

"लागेल हाये. पुढं अजून सात हायेत."

"आईंना सरळ सांगून का टाकत नाही?"

पाटील चक्क लाजले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काय सांगू, बाबू? बायकोले फिरवाले नेतो म्हनू? या वयात?"

मला त्या म्हातारीचा राग आला, पाटलांचाही आला. अमेरिकेतून मोटार आणायची छाती होते आणि ओसरीवर दोन वाक्यं बोलायची होत नाही, म्हणजे काय? मी तसं तोंडावर बोललोही. पाटील म्हणाले, "तुमचं बराबर हाये." आणि पुढच्या आठवड्यात चुलतमामीला घेऊन बाळापूरला गेले.

दीड वर्ष उलटलं. संक्रांत झाल्यावर पाटील आले ते पायरीवरूनच हाक मारत. "बाबू! नंबर आला!" मग बसून त्यांनी सांगितलं. आई स्वतःच म्हणाल्या होत्या, "सारे झाले. आता सूनबाईले ने, मोझरीले दर्शनाले ने. लय दिवसाची थांबेल हाये ते." पाटील मला म्हणाले, "बुढीले सारं माईत होतं, बाबू. पयल्या दिवसापासून." माझा आईंवरचा राग त्या क्षणी मावळला, पण पुरता नाही.

पाटील आदल्या रात्रीच अकोल्यात मुक्कामाला आले होते. ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी मोटार स्वतःच्या हातानं धुतली, पुसली, लाल सीटांवर धूळ नको म्हणून स्वतःचा पंचा अंथरला. नऊच्या सुमाराला दमणी आली. सालदार, म्हणजे त्यांचा सालानं ठेवलेला गडी, कासरा धरून होता आणि मागं पाटलीणबाई एकट्या. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर डबा. पाटलांनी मोटारीचं दार उघडलं. त्या आधी मोटारीला नमस्कार करून मग बसल्या, पाय कुठं ठेवावे ते न कळून मांडी घालूनच बसल्या. पाटील दुसऱ्या बाजूनं आले, बसले आणि किल्ली फिरवली.

मोटार खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. मग तेही नाही.

आमच्या फिटरनं अर्धा तास आत डोकं घालून पाहिलं. शेवटी हात पुसत म्हणाला, "पाटील, आतला एक भाग तुटला. आपल्या इकडं नाही मिळायचा. अमेरिकेहून बोटीनं मागवावा लागेल. चार-सहा महिने धरा."

पाटील उतरले नाहीत. चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होतो. पीक बुडालेलं पाहिलं, भाऊ गेला तेव्हा पाहिलं. पण असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. चार-सहा महिन्यांत पेरणी येणार, पाहुणे येणार, नवा कुणीतरी थोर माणूस निघणार. फाटकाशी कापूस बाजारातली माणसं जमली होती. कुणीतरी हसलंही. मी सांत्वनाचं काहीतरी बोलायला पुढं झालो, तेवढ्यात पाटलीणबाईंचा आवाज आला. मी त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकत होतो.

"आवं," त्या समोर बघतच म्हणाल्या, "बैलं तं हायेत ना."

पाटलांनी मान वळवली. अमेरिकेहून आणलेल्या मोटारीला बैल! उद्या अख्ख्या अकोल्यात हाच विषय होणार, बाजारात पोरंसोरं टोपी उडवणार, हे पाटलांना कळत नव्हतं असं नाही. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते थोडा वेळ पाटलीणबाईंकडं बघत राहिले, मग फाटकाकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

"जुपा," पाटील म्हणाले.

दमणीचे बैल सोडले. फिटरनं मोटारीच्या पुढच्या बाजूला खालून दोर बांधला आणि तो जुवाला अडकवला. सालदार कासरा धरून पायी पुढं चालू लागला. आणि ती पांढरी मोटार, जिच्यात म्हणे दीडशे घोड्यांची ताकद होती, दोन बैलांच्या मागं फाटकातून बाहेर पडली. लोक हसले, अगदी पोट धरून हसले. मीही हसलो. पाटील हसणाऱ्यांकडं बघत नव्हते. ते रस्त्याकडंही बघत नव्हते, कारण रस्ता बघायला सालदार होता. मोटार चालू असती तर त्यांना समोर बघावं लागलं असतं.

अमरावतीच्याही पुढची मोझरी बैलांनी गाठणं शक्य नव्हतं. ते मोर्णा नदीच्या पुलावरून राजेश्वराच्या देवळापर्यंत गेले आणि परत आले. मोटारीनं पाच-सात मिनिटांचं काम, त्याला दोन तास लागले. परत आले तेव्हा डबा रिकामा होता आणि पाटलीणबाईंचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. तो सावरायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पुढं तो भाग आला, पण भलताच आला. मग पाटलांनीच नाद सोडला. मी पुन्हा पत्र लिहू का विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. झालं तिचं काम." काही वर्षं मोटार टिनाखाली ताडपत्री पांघरून राहिली. नियमाची मुदत संपल्यावर भाच्यानं ती मुंबईच्या कुण्या शौकीन माणसाला देऊन टाकली. न्यायला ट्रक आला तेव्हा पाटील बघायलाही आले नाहीत, त्या दिवशी त्यांची तुरीची कापणी होती.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी पाटील गेले. मी तेव्हा नोकरीच्या निमित्तानं अमरावतीला परतलो होतो. निरोप उशिरा मिळाला. मी गेलो तोवर तेरावं उलटून गेलं होतं. वाट आता मुरमाची झालेली, एसटी थेट गावापर्यंत जात होती. ओसरीत आईंच्या जागी पाटलीणबाई बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या, मग डोळे पुसून चहा सांगितला. पाटलांच्या गोष्टी निघाल्या. आम्ही दोघंही हसत होतो. मोटारीचा विषय निघणारच होता.

"काय बोलत होते पाटील त्या दिवशी?" मी विचारलं. "दोन तास होते तुम्ही."

"काई बोलले नाई," त्या म्हणाल्या. "मी पन नाई बोलली. देवळापावतर नुसते बसेल होतो." मग त्या म्हणाल्या, "बाबू, त्याईच्या उजव्या कानाखाली तीळ होता. बारीकसा. मले त्या दिवशी दिसला. सत्तावीस वर्सानं."

मी आठवून पाहिलं. दहा-बारा वर्षं हा माणूस माझ्या टेबलासमोर बसत होता. त्यांची टोपी आठवली, मिशा आठवल्या, लाजल्यावर लाल झालेल्या कानाच्या पाळ्याही आठवल्या. तीळ काही आठवेना.

"तुमाले माईत होता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, वहिनी."

"नसनच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं चहाचा कप सरकवला.